दोन्ही आळ्यांना सात नंबर

सांता रुफिना,
सोमवार, २२ नोव्हेंबर २००४

चि. नेरेइदा,

शनिवार, १३ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. तारीख आणि वेळ आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही भरकटले (भरकटणार आहेच) तरी मुद्दा कागदाच्या माथ्यावर राहील. त्या क्षणी तुझा दीर बेलिसारिओ याने, वरच्या आळीच्या समितीचा अध्यक्ष या नात्याने, सर्वांच्या देखत आणि चष्मा न लावता, एक कळ दाबली. आणि आपल्या गावच्या कार्निव्हलची जेवढी गाणी आम्ही गोळा करून ठेवली होती तेवढी सगळी गेली. दोन्ही आळ्यांची गेली. त्यांत तुझीही होती. तू माझ्या शब्दावर विसंबून पाठवलेल्या कॅसेटींमधली एकूण एक. तुझा आवाज आता कुठेही राहिलेला नाही, नेरेइदा. हे वाक्य लिहून मी बरेच कागद फाडले. हा कागद फाडणार नाही.

वाईट बातमी आधी आणि विचारपूस नंतर, हे काही मठातल्या शाळेचं वळण नव्हे. पण विचारपूस आधी केली असती तर बातमीपर्यंत माझा हात पोचला नसता. तर आता विचारते. तुझी तब्येत कशी आहे? गळ्यावरची पट्टी तू स्वतः बदलतेस की त्या नर्सच्या हातून करून घेतेस? (तिच्याच हातून घे, तुला आरशात डावं-उजवं कळत नाही, वेणी घालतानासुद्धा कळायचं नाही.) अब्दिएल म्हणाला की तू आता सांकोचोच्या रश्शातली कोंबडी कुस्करून खातेस. त्यात कुलांत्रोची पानं जास्त घाल, चव लागली तर भूक लागते. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. डॉक्टरने तळलेलं बंद केलं आहे, म्हणून ओखाल्द्रे मी फक्त रविवारी आणि ज्या दिवशी मनस्ताप झाला त्या दिवशी खाते. गेल्या आठवड्याभरात रोज खाल्ले.

अब्दिएलवर रागावू नकोस. त्याला हे माहीत असूनही त्याने तुला सांगितलं नाही, कारण मीच त्याला अडवलं. खरं तर तोच म्हणाला, "मावशी, मशिनं मी आणली, पण हे आईला तू सांग. ती काही बोलू शकणार नाही, नुसती बघेल, आणि ते मला झेपणार नाही." तुझा मुलगा बँकेत एवढा मोठा कॉम्प्युटरवाला झाला, पण आईने नुसतं बघितलं की तो मावशीला पुढे करतो. हे एक काम तू चांगलं केलंस.

आता सगळं नीट सांगते. तुझं गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसून एकच हिशेब करत होते: हिचा आवाज आता कशाकशावर शिल्लक आहे? आमच्या खालच्या आळीच्या समितीकडे तुझी लग्नाआधीची गाणी होती, तू आमच्या मेळ्याची मुख्य गायिका होतीस तेव्हाची. वरच्या आळीकडे तू ओविदिओशी लग्न करून तिकडे गेल्यानंतरची होती (त्या विषयावर मी आज काही लिहिणार नाही, माणूस वारला आहे आणि नवरा म्हणून तो चांगला होता). बाकीच्या तुझ्याकडे, त्या बिस्किटांच्या डब्यात. आपल्या इथली हवा तुला ठाऊक आहे. फितीवर बुरशी धरते, खोक्याला वाळवी लागते, आणि समितीच्या कपाटात तर दोन्ही एकाच वेळी लागतात. म्हणून मी अब्दिएलला म्हटलं की गाणी कॉम्प्युटरवर घालून दे, आणि असं काही कर की ती परत कधी जाणार नाहीत. माझे हेच शब्द होते. गावातल्या लोकांना वाटतं की हा संग्रह गावासाठी केला. त्यांना वाटू दे.

अब्दिएलने बँकेने काढून टाकलेली दोन मोठी मशिनं मागून आणली, सर्व्हर म्हणतात ती, आणि डिस्कांनी भरलेली एक पेटी. त्याने मला समजावलं ते इतकं सोपं होतं की पुढे काय झालं याला सबब उरत नाही. पेटीत पाच डिस्का. कुठलीही गोष्ट एका डिस्कवर लिहीत नाहीत, पाचांवर अशी वाटून लिहितात की एक मेली तरी उरलेल्या चौघी मिळून तिच्याकडचं सांगू शकतात. (मी म्हटलं, आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेच होतं. एखादी मुलगी रजेवर गेली तरी गावाचं काही अडायचं नाही.) ही वाटणी सांभाळायला प्रत्येक सर्व्हरमध्ये एक कार्ड असतं, त्याला रेड (RAID) कार्ड म्हणतात. आणि सर्व्हर दोन कशाला? तर एक बंद पडला की दुसऱ्याने पेटी ताब्यात घ्यायची आणि काम चालू ठेवायचं. दोघे सतत एकमेकांना विचारत असतात, आहेस का, आहेस का. उत्तर आलं नाही की समजायचं, गेला. मला ही व्यवस्था फार आवडली. आपण दोघींनी असं काही केलं असतं तर बरीच वर्षं वाचली असती.

ठेवायचं कुठे, यावर पहिलं भांडण. वरच्या आळीत ठेवलं तर आमचे लोक जाणार नाहीत, खालच्या आळीत ठेवलं तर त्यांचे येणार नाहीत. शेवटी चौकातलं जुनं टेलिफोन ऑफिस ठरलं, जिथे मी आयुष्य काढलं. त्याला पुढचं दार वरच्या आळीकडे आणि मागचं खालच्या आळीकडे, त्यामुळे कोणी कोणाच्या दाराने आत आलं असं होत नाही. एक सर्व्हर त्यांच्या भिंतीला, एक आमच्या भिंतीला. दोन पंखे, कॉफीची दोन भांडी, मेरीमातेच्या दोन तसबिरी. पेटी मात्र एकच. ती मधोमध ठेवली, आणि तिचं तोंड कोणाकडे करायचं यावर एक संध्याकाळ गेली. फादर अर्नुल्फोंनी तोडगा काढला की तोंड चौकातल्या खिडकीकडे करा. तसं केलं. त्यामुळे पेटीवरचे हिरवे-लाल दिवे आतल्या कोणालाच दिसत नसत. ते दिसत फक्त खिडकीबाहेर बर्फाचे गोळे विकणाऱ्या चेलोला.

अब्दिएलने पहिला सर्व्हर जोडून दिला. तो आमच्या भिंतीचा होता (केवळ त्या बाजूला प्लग होता म्हणून, पण हे वरच्या आळीला अजून पटलेलं नाही). त्याने डिस्कांची मांडणी केली, आणि आम्ही महिनाभर एकेक कॅसेट चर्चच्या कॉम्प्युटरवर उतरवून त्या पेटीत घालत राहिलो. चर्चचा कॉम्प्युटर लहान, बाप्तिस्म्याचे दाखले त्यावरच निघतात, म्हणून उतरवलेलं पेटीत गेलं की तिथलं लगेच पुसायचं. दुसऱ्या सर्व्हरची वायर परदेशातून यायची होती. ती येईपर्यंत अब्दिएलला थांबता येईना, बँकेत वर्षअखेरीचं काम. तो म्हणाला, वायर आली की मला फोन करा.

वायर आली, फोन केला. फोनचा आवाज मी मोठा करून ठेवला होता, म्हणजे दोन्ही समित्यांना ऐकू येईल. हीच माझी पहिली चूक. अब्दिएल म्हणाला, "मावशी, एकच गोष्ट बदलायची. कारखान्यातून दोन्ही कार्डं सात नंबर घेऊन येतात. पेटीच्या एका वायरीवर एका नंबराचे दोघे चालत नाहीत. आपला सातवर आहे. दुसऱ्याचा सहा कर, आणि मगच पेटीला जोड. एवढं झालं की मला परत फोन कर, मी पुढचं सांगतो."

इथे तो थांबला असता तर आज तुझा आवाज असता. पण बेलिसारिओने विचारलं, "बाळ, सात आणि सहा यांत फरक काय?" आणि तुझा मुलगा खरं बोलणाऱ्या बाईचा मुलगा. तो म्हणाला, "काही नाही, काका. दोघांनी एकाच वेळी डिस्क मागितली तर सातवाल्याला आधी मिळते."

बेलिसारिओने खुर्ची फोनजवळ ओढली.

"आणि सहावाल्याला?" बेलिसारिओने विचारलं.

"लगेच नंतर."

"नंतर," बेलिसारिओ म्हणाला, आणि त्याने डोक्यावरची हॅट काढून टेबलावर ठेवली. ओविदिओ हॅट काढायचा तेव्हा काय समजायचं ते तुला सांगायला नको, ते सगळे भाऊ तसेच.

पुढचे तीन आठवडे गावाने दुसरं काही केलं नाही. वरच्या आळीचं म्हणणं असं की सहा नंबर घेणं म्हणजे कार्निव्हलला त्यांच्या राणीने आमच्या राणीच्या मागून चौकात येणं. आमचं म्हणणं असं की आमचा सात आधीपासून आहे, चालू आहे, त्याला हात लावायचा प्रश्न येत नाही. मग म्हणे एक वर्ष त्यांना सात, एक वर्ष आम्हाला. बरं, पण पहिलं वर्ष कोणाचं? चिठ्ठ्या टाका. चिठ्ठी कोण उचलणार? कोणत्याच आळीचा नाही असा एकही जीव आपल्या गावात नाही. फादर अर्नुल्फो बाहेरचे आहेत, पण त्यांच्या स्वयंपाकीणबाई आमच्या. वरच्या आळीच्या बायकांनी तर गाणं रचायला घेतलं होतं, सहा नंबरच्या राणीवर, आणि आमच्या गुमेर्सिंदाने, हो तीच शिवणकामवाली, भर बाजारात सांगितलं की सहा तर सहा, वरच्या आळीला निदान मोजता येतात तेवढे.

तुला ते वर्ष आठवतं, दोन्ही राण्यांचे रथ एकाच वेळी निघावेत म्हणून फादरांनी एकाला चौकाच्या डावीकडून आणि दुसऱ्याला उजवीकडून पाठवलं होतं? दोघे चर्चसमोर समोरासमोर आले, मागे कोणीच घेईना, आणि राण्यांना शेवटी शिडीने उतरवावं लागलं. त्यातून शहाणपण घ्यायला हवं होतं. आम्ही नाही घेतलं.

कारण शेवटच्या बैठकीत तोडगा मी सुचवला. हे दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं. मी उभी राहिले आणि म्हणाले की कारखान्याने दोन्ही कार्डांना सातच दिलेला आहे, ज्याने बनवली त्याने दोघांना सारखं मानलं, मग लहान-मोठं करणारे आपण कोण? दोघांना सातच राहू दे. काही बदलायचंच नाही. शाळेत सिस्टर बेर्नार्दा केक कापायच्या तेव्हा पट्टीने मोजून कापायच्या, तो दाखलाही मी दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नेरेइदा. दोन्ही बाजूंनी. माझ्या आयुष्यात वरच्या आळीने मला टाळ्या वाजवल्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. अब्दिएलने नको म्हटलं होतं, हे मला आठवत होतं. पण मला वाटलं, बँकेतली पोरं घाबरट असतात. एक्स्चेंजमध्ये मी एका तारेवर दोन घरं कितीदा चालवली आहेत.

वायर जोडण्याच्या आदल्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. मूळ कॅसेटी कोणी ठेवायच्या? ज्या आळीकडे राहतील ती उद्या म्हणणार, खरं आमच्याकडे आहे, तुमच्याकडे नुसती नक्कल. शिवाय बुरशीचा वास फादरांना सोसवेना. म्हणून सर्वानुमते ठरलं की मूळ कोणाकडेच राहू नये. टेलिफोन ऑफिसच्या मागच्या अंगणात, दोन्ही समित्यांच्या साक्षीने, शुक्रवारी सगळ्या जाळल्या. तुझ्या मी स्वतः नेल्या. प्रत्येकीवर तुझं अक्षर होतं, वर्ष आणि शेजारी छोटंसं फूल, तसंच वेडंवाकडं. फूल बघून मी क्षणभर थांबले होते. मग म्हटलं, आता सगळं पाच डिस्कांत आहे, एक मेली तरी चौघी आहेत. प्लॅस्टिकच्या डब्या मी गुमेर्सिंदाला सुया ठेवायला दिल्या. वाया काही घालवलं नाही, असं तेव्हा मनात आलं होतं.

शनिवारी सकाळी वायर जोडली आणि दुसरा सर्व्हर सुरू केला. पहिला चालूच होता. थोडा वेळ नुसती घरघर. मग आमच्या पडद्यावरची गाण्यांची यादी गोठली. चेलो खिडकीतून डोकावून म्हणाला, "बाई, तुमच्या पेटीचे हिरवे दिवे सगळे लाल झाले. छान दिसतात. नाताळची तयारी का?" बेलिसारिओ त्याला म्हणाला, "तू तुझं सरबत बघ." तेवढ्यात त्यांच्या पडद्यावर इंग्रजीत काही उमटलं.

"बाई, काय म्हणतंय हे?" बेलिसारिओने विचारलं. (तो मला एरवी काहीच म्हणत नाही, काम असलं की बाई म्हणतो.)

मी चष्मा लावून वाचलं. माझं इंग्रजी अजून शाबूत आहे, सिस्टरांनी ते हाडात घातलं आहे. मी शब्दन्‌शब्द बरोबर सांगितलं. "म्हणतंय, डिस्कांची मांडणी माझ्या ओळखीची नाही. नवी करू का? केली तर आधीचं सगळं जाईल."

"आधीचं म्हणजे कसलं?"

"तुमच्या मशिनात आणखी कसलं असणार?" मी म्हणाले. "बँकेचं जुनं भंगार."

"मग जाऊ दे ते," बेलिसारिओ म्हणाला, आणि दाबलं.

वाचलेलं बरोबर होतं, अर्थ लावलेला चुकीचा होता. ते मशिन त्याच्या भिंतीजवळ होतं म्हणून मला वाटलं ते त्याच्याबद्दलच बोलतंय. पेटी एकच आहे, मधोमध ठेवलेली, दोघांची, हे आख्ख्या खोलीत एकालाही सुचलं नाही. ज्या खोलीत पेटीच्या तोंडावरून संध्याकाळभर भांडलो, त्याच खोलीत.

अब्दिएल दुसऱ्या दिवशी आला. न जेवता बसला. दोन्ही समित्या आपापल्या दाराशी उभ्या होत्या. बराच वेळ त्याने काही काही करून पाहिलं, एक सर्व्हर बंद करून, मग दुसरा. दोघांचा नंबर एकच असल्यामुळे पेटीला कोण काय मागतंय ते कळेना, दोघांनी एकमेकांच्या तोंडातलं ओढलं, म्हणून कार्डाला डिस्का ओळखीच्या वाटेनात. तेवढ्यावर थांबलो असतो तर दुरुस्त झालं असतं, असं तो म्हणाला. दाबल्यानंतर नाही. मी त्याला विचारलं की सहा नंबर घेतला असता तर त्या मशिनला किती थांबावं लागलं असतं. तो म्हणाला, "मावशी, पापणी लवते ना, तेवढ्या वेळात त्याची पाळी हजार वेळा येऊन जाते." मग तो अंगणात गेला आणि राखेत पाय घालून उभा राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "रात्री आईला झोप लागत नाही तेव्हा मी एक गाणं लावून द्यायचो. कॅसेटवर. आता काय लावू?"

मी तुला सांगितलं होतं, पाठव कॅसेटी, माझ्यावर सोपव. तू फोनवर तीन वेळा टकटक केलंस, म्हणजे नको. मी चिडले. तुला आठवडाभर फोन केला नाही. मग तू डबा पाठवलास, वर चिठ्ठीसुद्धा नव्हती. हे मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस. मला तेवढीच शिक्षा होऊ शकते, तर ती होऊ दे.

तरीही न्याय झाला पाहिजे. म्हणून तुला कळवते: बेलिसारिओने अध्यक्षपद सोडावं अशी मागणी खालच्या आळीच्या वतीने मी केलेली आहे. चष्मा न लावता कळ दाबणाऱ्या माणसाच्या हाती वरची आळी असू नये, अगदी वरची आळी असली तरी. तू त्याच्या थोरल्या भावाची बायको. ओविदिओच्या नावाने त्याला दोन ओळी लिही. तुझं तो ऐकेल. माझं ऐकत नाही, आणि हॅट घालून बसतो.

औषधं वेळेवर घे. अब्दिएलला माझ्यातर्फे जेवायला घाल, तो इथून उपाशी गेला.

तुझी थोरली बहीण,
एदिल्मा

ता. क. अब्दिएलने जाण्यापूर्वी दोन्ही सर्व्हर पुन्हा जोडून दिले. पेटी रिकामी, पण व्यवस्था अगदी जशी हवी तशी. सहा नंबर आमच्या खालच्या आळीने घेतला. कोणी भांडलं नाही, त्यांनीच आम्हाला सात घ्या म्हणून आग्रह केला. आत ठेवायला काही नव्हतं, त्यामुळे सगळे फार सभ्य झाले होते.

ता. क. २. बेलिसारिओला काही लिहू नकोस. वरची मागणी मी कालच मागे घेतली. पत्र त्याआधीच लिहून ठेवलं होतं, वर तारीख आज घातली, आणि पुन्हा लिहायला बसले तर पहिलं वाक्य पुन्हा लिहावं लागेल. तो काल रविवारी माझ्या घरी आला होता. पुढच्या दाराने, भर दिवसा, खालच्या आळीतून चालत. गुमेर्सिंदाने शिवणयंत्र थांबवून पाहिलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला. मी ओखाल्द्रे केले. त्याने दोन खाल्ले. शेवटी तो म्हणाला, "बाई, मला इंग्रजी येत असतं तरी मी दाबलं असतं. तुम्ही म्हणालात भंगार, आणि मला राग आला." मी म्हटलं, "मलाही म्हणताना बरं वाटलं होतं."

मग तुझ्या गाण्यांचा विषय निघाला. त्याला बरीचशी पाठ आहेत, चाल मात्र एकाचीही धड नाही. तो तुझं माझ्यावरचं गाणं म्हणू लागला. लग्नानंतर वरच्या आळीच्या मेळ्यात उभी राहून, माझ्या घरासमोर, सख्ख्या बहिणीवर म्हटलेलं. मी टेलिफोनवर लोकांचं बोलणं ऐकते म्हणून:

उठतो कोण, निजतो कोण, हिला आधी कळे,
एदिल्माच्या कानामधून अख्खं गाव पळे.

(मी कोणाचंही बोलणं ऐकलेलं नाही. लाईन तुटली तर नाही ना एवढंच तपासत असे.) दोन कडवी त्याने म्हटली. ती मलाही येतात, सगळ्या गावाला येतात. तिसऱ्यावर तो अडला. मला म्हणाला, तुम्ही सांगा. मी म्हटलं, मला माहीत नाही, दुसऱ्या कडव्याला मी खिडकी लावून घेतली होती. नंतरही कधी ऐकलं नाही. संग्रहासाठी ते उतरवून घेत होते तेव्हासुद्धा दुसरं कडवं संपताना मी उठून कॉफी करायला गेले.

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तिसरं टोमण्याचं नव्हतंच. म्हणून तर ढोलवाल्यांनी हात आवरले. मीच आवरायला सांगितलं, आमच्या मेळ्यात असलं चालणार नाही म्हणून. ती ढोलाशिवाय म्हणत राहिली. तुमच्या खिडकीकडे तोंड करून."

"शब्द काय होते?"

"शब्द नाही आठवत, बाई. आम्हाला फक्त राग आला होता."

म्हणून हे पत्र, नेरेइदा. तू हे गाणं आता म्हणू शकत नाहीस, आणि ज्यात ते होतं ते मी घालवलं. पण चाल मला येते. तुझ्या सगळ्या चाली मला येतात, तू अंघोळ करताना म्हणायचीस तेव्हापासून. येत्या कार्निव्हलला ते गाणं रेकॉर्ड करायचं आहे, वरच्या आळीच्या मेळ्यात, त्यांच्या ढोलांवर. म्हणणार मी आहे. बेलिसारिओने होकार दिला आहे. माझा आवाज कावळ्याचा आहे हे मला कोणी सांगायला नको, आणि खालची आळी मला काय म्हणेल तेही ऐकायची तयारी आहे.

मला तिसरं कडवं हवं आहे. पूर्ण, तुझ्या हाताने, जसं होतं तसं. मला वाईट वाटेल म्हणून एखादा शब्द बदलायचा नाही, मला बरं वाटावं म्हणून घालायचा नाही. आठवत नाही असं लिहून पाठवलंस तर मी ते मानणार नाही. त्यांची तालीम सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, सुरू होते. त्या दिवशी दुपारी बाराच्या आत तुझं लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे.